पाश्चात्त्य चौकटीबाहेरचं संवाद-संशोधन : विदर्भातल्या गावांत काम करणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनसंवाद, समाजशास्त्र, कृषी विस्तार किंवा समाजकार्य या विषयांत विदर्भातल्या गावांवर प्रकल्प, प्रबंध किंवा शोधनिबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी हे पान आहे.

“पाश्चात्त्यकेंद्री” संशोधन म्हणजे नेमकं काय?

लेखक अमेरिकेतला असला म्हणून संशोधन पाश्चात्त्यकेंद्री होत नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या की ते तसं होतं. अमेरिका-युरोपातल्या थोड्या लोकांवरून काढलेला निष्कर्ष ‘माणूस असा वागतो’ म्हणून मांडला जातो. तिथला समाज हे पुढचं टोक आणि बाकी सगळे मागून चालत येणारे, असं धरलं जातं. आणि सिद्धांत तिकडे तयार होतो, आपल्याकडून फक्त आकडे जातात. तिसरी गोष्ट सर्वांत चिवट आहे. अकोल्याच्या विद्यार्थ्याने अकोल्यातच बसून मराठीत लिहिलेला प्रबंधही या अर्थाने पूर्ण पाश्चात्त्यकेंद्री असू शकतो.

ही चौकट आली कुठून?

मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतून. १९५६ मध्ये सिबर्ट, पीटरसन आणि श्रॅम यांनी जगभरच्या वृत्तपत्रव्यवस्था चार प्रकारांत बसवल्या. ही वाटणी शीतयुद्धाच्या नजरेतून झाली होती. १९५८ मध्ये डॅनियल लर्नर यांनी तुर्कस्तान, इजिप्त, इराण, लेबनॉन, सीरिया आणि जॉर्डन इथल्या मुलाखतींवरून आधुनिकतेची पायरीवार वाट मांडली : शहरीकरण, मग साक्षरता, मग माध्यमांचा वापर, मग राजकीय सहभाग. १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांचा नवकल्पना-प्रसाराचा सिद्धांत आला, म्हणजे नवी गोष्ट समाजात कशी पसरते, आधी कोण आणि नंतर कोण स्वीकारतं याची मांडणी. १९६४ मध्ये विल्बर श्रॅम यांनी युनेस्कोसाठी माध्यमं आणि राष्ट्रीय विकास यांची सांगड घातली.

लर्नर यांचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे : तुम्ही वर्तमानपत्राचे संपादक झालात तर ते कसं चालवाल? ज्याला उत्तर सुचलं तो दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवू शकणारा, म्हणजे आधुनिकतेकडे निघालेला. ज्याला सुचलं नाही तो पारंपरिक. आता हाच प्रश्न राळेगाव तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईला विचारून पाहा. त्या गप्प बसल्या तर त्यांना कल्पनाशक्ती नाही असं ठरतं का? शेजारणीच्या घरात मयत झाली की तिच्या वाट्याच्या ओळी स्वतः वेचणाऱ्या बाईला दुसऱ्याचं मन कळतं की नाही, हे त्या प्रश्नातून कळणारच नाही. शिवाय या मुलाखतींचा मूळ उपयोग ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे श्रोते समजून घेण्यासाठी व्हायचा होता, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. प्रश्न कोणी आणि कशासाठी तयार केला हे पाहायची सवय इथूनच लागायला हवी.

याला विरोध कोणी केला? हे नवं खूळ आहे का?

मुळीच नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६९ मध्ये कृषी ‘विस्तार’ या शब्दालाच हरकत घेतली. ज्ञान एका बाजूने दुसऱ्या बाजूवर पसरवायचं म्हणजे शेतकऱ्याला रिकामं भांडं मानायचं, असं त्यांचं म्हणणं. मलेशियाचे सय्यद हुसेन अलातास यांनी १९७० च्या दशकात ‘बंदिस्त मन’ ही कल्पना मांडली. बाहेरच्या चौकटीत इतकं अडकलेलं मन की त्याला स्वतःचा प्रश्नच उभा करता येत नाही. बोलिव्हियाचे लुईस रामिरो बेल्त्रान यांनी लॅटिन अमेरिकेतल्या संशोधनाची गृहीतकं आणि पद्धती परक्या असल्याचं त्याच दशकात दाखवलं. १९८० मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो हे नोंदवलं. त्या आयोगावर भारतातून पत्रकार बी. जी. वर्गीस होते. पुढे २००० मध्ये जेम्स करन आणि म्यंग-जिन पार्क यांच्या संपादित ग्रंथाने हा विषय पाश्चात्त्य विद्यापीठांच्याही अभ्यासक्रमात नेला. २०१८ मध्ये पॉला चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी संवादविषयक नियतकालिकांत गोऱ्या लेखकांचेच संदर्भ किती जास्त असतात हे मोजून दाखवलं.

म्हणजे रॉजर्स, लर्नर वाचायचे नाहीत?

नीट वाचायचे, अगदी टीकाकारांपेक्षा नीट. खुद्द रॉजर्स यांनी १९७६ मध्ये जुनी प्रबळ चौकट मागे पडत असल्याचं लिहिलं, आणि विदर्भातल्या अनेक प्रबंधांत ते आजही १९६२ वरच थांबलेले दिसतात.

सिद्धांत तपासायचा कसा, याचं एक उदाहरण घेऊ. रॉजर्स स्वीकारणाऱ्यांचे पाच गट करतात : २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ टक्के. शेवटच्या १६ टक्क्यांना ते ‘मागे रेंगाळणारे’ म्हणतात. या विचाराची मुळं आयोवातल्या संकरित मक्यावरच्या १९४३ च्या अभ्यासात आहेत. आता बीटी कपाशीचं पाहा. अनेक वर्षं ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते ‘आश्रयपीक’ म्हणून वावराच्या कडेने पेरायचं, म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. बहुतेकांनी ते पेरलं नाही. ‘शेतकऱ्यांना आश्रयपिकाचं महत्त्व कळलं नाही, जनजागृती वाढवावी’ हा ठरलेला निष्कर्ष झाला. पण तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला कडेच्या ओळी अळीला सोडून देणं परवडत नाही, आणि शेजाऱ्याने पेरलं नाही तर आपण एकट्याने पेरून काय साधणार, हेही त्याला पक्कं माहीत असतं. हा संवादाच्या कमतरतेचा प्रश्न नाहीच. जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकली, हा तो प्रश्न आहे. सिद्धांत इथे तुटतो, आणि तुमच्या शोधनिबंधाला सांगण्यासारखं काही इथेच सापडतं.

गावातला ‘मतप्रवर्तक’ कसा ओळखायचा?

लाझार्सफेल्ड आणि कॅट्झ यांची द्विस्तरीय प्रवाहाची कल्पना ओहायो आणि इलिनॉय राज्यांतल्या लोकांवरून आली. माध्यमांतली गोष्ट आधी जाणकाराकडे, म्हणजे मतप्रवर्तकाकडे जाते, त्याच्याकडून इतरांकडे. विदर्भात कीटकनाशकाचा सल्ला बहुधा कृषी केंद्रवाल्याकडून येतो. पण तेवढ्यावरून प्रबंधात त्याला मतप्रवर्तक लिहून मोकळं होता येत नाही. तो सल्ला देतो, माल विकतो आणि उधारीही देतो. सल्ला नाकारला तर पुढच्या हंगामात उधारी मिळेल का, ही भीती शेतकऱ्याच्या मनात असते. तिला ‘विश्वास’ या रकान्यात टाकलं की संशोधन चुकलं.

म्हणून एकाऐवजी चार प्रश्न विचारा : सल्ला कोणी दिला? माल कोणाकडून घेतला? पैसे तेव्हाच दिले की नंतर? दुसऱ्या कोणाला विचारलं का, आणि नसेल तर काहून नाही? चौथ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या.

पाश्चात्त्य नको, तर भरतमुनींचा साधारणीकरणाचा सिद्धांत घ्यायचा का?

घेता येईल, पण डोळे उघडे ठेवून. नाट्यशास्त्र आणि भट्टनायकाच्या रसविचारावर आधारलेलं संवादप्रतिमान १९८० च्या दशकात भारतात आणि पुढे नेपाळमध्ये मांडलं गेलं. त्याच्या केंद्रस्थानी ‘सहृदय’ श्रोता आहे, म्हणजे सांगणाऱ्याच्या भावनेशी एकरूप होणारा. रंगभूमीच्या अभ्यासाला हे उपयोगी पडतं. ग्रामसभेत मात्र दलित वस्तीतला माणूस पाण्याचा प्रश्न मांडतो तेव्हा समोरचे सहृदय नसतात, आणि का नसतात याचं उत्तर त्या प्रतिमानात नाही.

पाश्चात्त्य केंद्र काढून तिथे संस्कृत केंद्र बसवलं तर वस्तीतल्या बाईला काहीच फरक पडत नाही. राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजशास्त्रांत काही जण सिद्धांतकार ब्राह्मण आणि बाकीचे माहिती गोळा करणारे शूद्र झाले आहेत, असं लिहिलं. ही वाटणी अमेरिका आणि भारत यांच्यात आहे तशीच दिल्ली-मुंबई आणि गडचिरोली यांच्यातही आहे. आपल्याकडची विचारपरंपरा शोधायची तर ३१ जानेवारी १९२० ला निघालेला डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ आहे. मुक्यांचा नायक या नावातच संवादाचा सिद्धांत आहे : बोलता येत असूनही ज्यांना बोलू दिलं जात नाही, त्यांच्यासाठी माध्यम कशाला लागतं? गाडगेबाबांचं कीर्तन पाहा. ते श्रोत्यांना प्रश्न विचारत पुढे जायचं, उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून यायचं. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आहेत. यांच्यावर भक्तिभावाने पुष्कळ लिहिलं गेलं. संवादाची पद्धत म्हणून बारकाईने लिहिलेलं फार थोडं आहे, आणि ते करायला अमरावती जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याइतकं जवळ कोणी नाही.

गावातली ‘माध्यमं’ कोणती धरायची?

छापील प्रश्नावलीत वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट अशी चार घरं असतात. त्यांत हे बसत नाही :

- कोतवालाची दवंडी, आणि तिच्या जागी आलेला ग्रामपंचायतीचा भोंगा किंवा व्हॉट्सॲप गट. गटात कोणाचे नंबर नाहीत ते विचारा.
- पोळ्याच्या झडत्या. बैल तोरणाखाली उभे असताना म्हटल्या जाणाऱ्या या ओळींत कापसाचा भाव, सावकार, सरकार सगळे येतात. एरवी तोंडावर न बोलता येणारं इथे बोलायची मुभा असते.
- झाडीपट्टी रंगभूमी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाची कापणी झाली की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटकं होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. तिकीट काढून नाटक पाहणारा एवढा ग्रामीण प्रेक्षक असताना ‘ग्रामीण भागात माध्यमांचा अभाव’ असं वाक्य प्रबंधात येतं तेव्हा वाईट वाटतं.
- आठवडी बाजार, पार, पिठाची गिरणी, हातपंप. बायकांची बातमी बहुधा शेवटच्या दोन ठिकाणी आणि निंदणाच्या रांगेत फिरते.

मोबाइलबाबत एक सूचना. ‘तुमच्याकडे मोबाइल आहे का?’ हा प्रश्न एक माणूस, एक फोन असं धरून चालतो. त्याऐवजी ‘काल हा फोन घरात कोणाकोणाच्या हातात होता, आणि कशासाठी?’ असं विचारा.

नमुना निवडताना काय चुकतं?

सर्वांत मोठी चूक सातबाऱ्यावरून यादी करण्याची. ज्यांच्या नावावर जमीन नाही ते सगळे त्यात गळतात : शेतमजूर, बटईने किंवा ठेक्याने वावर करणारे, आणि बहुतेक बायका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून अनेकांना विषबाधा झाली, त्यात जीवही गेले. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणेचा अर्थ लोकांना कळतो का, हा चांगला संशोधनप्रश्न आहे. पण तो जमीनमालकाला विचारून भागत नाही. पंप पाठीवर घेणारा अनेकदा मजूर असतो. डबा मालकाच्या घरी राहतो आणि मजुराच्या हाती आधीच मिसळलेलं पाणी येतं. खूण वाचायची संधीच त्याला मिळत नाही.

उपाय सोपा आहे. मतदारयादीपासून सुरुवात करा, मग गावाचा नकाशा गावकऱ्यांकडूनच जमिनीवर काढून घ्या आणि मुख्य वस्तीबाहेरची पोडं (कोलामांच्या वस्त्या), टोले, तांडे, बेघर वस्ती त्यात आहेत का ते तपासा. प्रत्येक वस्तीतून घरं निवडा. एका घरातून दर वेळी कर्ता पुरुषच येणार नाही, असं आधीच ठरवून घ्या.

तयार इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित करून वापरली तर?

चालेल, पण पूर्ण क्रमाने.

१. आधी प्रश्नावलीशिवाय दहा-बारा जणांशी बोला आणि विषयाचे त्यांचे शब्द लिहून घ्या. ‘शेत’ नाही, ‘वावर’. ‘माहितीचा स्रोत’ नाही, ‘तुमाले हे कोनं सांगतलं?’
२. एकाने इंग्रजीवरून मराठीत, दुसऱ्याने मूळ न पाहता मराठीवरून इंग्रजीत करावं. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. पुस्तकी मराठी उलट भाषांतरात उत्तम जुळते आणि गावात कळत नाही.
३. आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तराऐवजी ‘मी काय विचारलं?’ हे सांगायला लावा. तिघांनी वेगळं सांगितलं तर प्रश्न बदला.
४. पुन्हा एकदा दुसऱ्या गावात चाचणी. मुलाखत ४० मिनिटांच्या वर गेली तर प्रश्न कापा.

‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच टप्प्यांच्या लिकर्ट मापनपट्टीचं दुखणं वेगळं. ‘तटस्थ’ या घरात पडणारं ‘आता काय सांगता येते’ हे उत्तर मत नसल्याचं क्वचितच असतं. पारावर चारजण ऐकत असतील तर ती सावधगिरी असते. पाहुण्याला नाही म्हणू नये म्हणून ‘सहमत’ येतं. त्यापेक्षा तुरीचे दहा दाणे आणि तीन वाट्या द्या : टीव्ही, कृषी केंद्र, शेजारी. ज्याच्यावर जास्त भरवसा त्या वाटीत जास्त दाणे. दाणे मोजून झाले की ‘इथे दोनच काहून?’ हे विचारा. आकडाही मिळतो आणि कारणही.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या पोडांवर कोलामी बोलली जाते. यांतली कोरकू मुंडा कुळातली, बाकीच्या द्रविड कुळातल्या. मराठी प्रश्न तिथे ‘थोडा सोपा करून’ चालत नाही. गावातलाच दुभाषा घ्या, त्याला मोबदला द्या आणि त्याचं योगदान लेखात नोंदवा.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ याचा संशोधनात काय उपयोग?

फार मोठा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडच्या आशय-विश्लेषणाच्या संकेतावलीत, म्हणजे मजकुरातले शब्द आणि मुद्दे क्रमांक देऊन मोजायच्या यादीत, हा भेद सापडत नाही. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपण’ आत घेतो. ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणात कोण कोणासमोर ‘आपण’ म्हणतं, आणि सरपंचाचं ‘आपण’ घरकुलाच्या यादीपाशी येताच ‘आम्ही’ कधी होतं, हे मोजता येतं. संकेतावलीत दोन वेगळे क्रमांक द्या. आदरार्थी ‘आपण’ वेगळा काढा, नाहीतर मोजणी बिघडते. भाषेतूनच निघालेली ही पद्धत आहे, उसनी आणलेली नाही.

गावातून सिद्धांत निघतो, याचं विदर्भातलं उदाहरण?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. या गोंड गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात विषयाची फोड होते. तिथे बाहेरचा जाणकारही येतो, पण निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

युरोपातला सार्वजनिक अवकाशाचा विचार वादविवादातून मत घडतं असं मानतो. इथे अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवलेले आहेत, आणि एकाचाही विरोध असेल तर थांबायची तयारी आहे. ‘आदिवासी लोकशाहीचं उदाहरण’ एवढंच लिहून सोडू नका. सहमतीला किती बैठका लागतात, गप्प राहणं संमती धरतात का, बायका कधी बोलतात, हे नोंदवा आणि त्यावरून सर्वसाधारण मांडणी करा.

लेखी संमती घ्यावीच लागते का?

कोऱ्या कागदावर अंगठा देऊन जमीन गमावल्याच्या आठवणी इथल्या घरांत आहेत. सही मागितली की लोक बिचकतात किंवा पाहुण्याच्या भिडेने करतात. दोन्ही वाईट. संस्थेच्या नीतिसमितीकडून तोंडी संमतीची परवानगी आधीच घ्या, संमतीचा मजकूर मोठ्याने वाचा, साक्षीदारासमोर ध्वनिमुद्रित करा. ‘यातून कोणतीही योजना किंवा अनुदान मिळणार नाही’ हे वाक्य त्यात हवंच. ते नसेल तर उत्तरं योजनेच्या आशेने येतात.

गावात कधी जावं?

मृग लागला की पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारा, आणि दिवाळीच्या आसपास वेचणी. या काळात दिवसा मुलाखत मागणं म्हणजे मजुरी बुडवणं. धानपट्ट्यात रोवणीचे दिवस टाळा. उन्हाळ्यात सवड असते, पण सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. बाजाराचा दिवस सोडा.

विदर्भातल्या दोन गावांचा अभ्यास ‘आंतरराष्ट्रीय’ कसा होईल?

तुलनेचं माप बदललं की होतो. प्रत्येक वेळी अमेरिका हेच माप कशाला? उधारीवर सल्ला देणारा दुकानदार आफ्रिकेतल्या कापूसपट्ट्यातही असू शकतो. तिथल्या अभ्यासांशी तुलना करा. देशोदेशींच्या संस्कृतींना आकडे देणारा गीर्ट हॉफस्टेड यांचा निर्देशांक लावून ‘भारत : सत्ता-अंतर (वरच्या-खालच्यांतली विषमता लोक किती स्वीकारतात ते) ७७’ लिहू नका. तो आकडा १९६७ ते १९७३ मध्ये एकाच संगणक कंपनीच्या नोकरदारांना विचारून काढलेला आहे. त्यात शेतमजूर असण्याचा प्रश्नच नव्हता.

जुने प्रयोगही वाचा. १९५६ मध्ये मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत, ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ या सूत्राने रेडिओ श्रोतागट चालले. कल्पना कॅनडातली होती, पण गटांच्या प्रश्नांनी कार्यक्रमही बदलत गेले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्यामुळे त्यात नव्हता. १९७५-७६ चा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोगही सहा राज्यांत झाला, महाराष्ट्र त्यात नव्हता. दोन्ही वेळा आपण वगळलो गेलो, तेव्हा त्यांचे निष्कर्ष इथे लावताना तपासूनच लावायला हवेत.

परीक्षक म्हणतात, ‘विदर्भच का?’ काय उत्तर द्यावं?

ओहायोवर लिहिणाऱ्याला हा प्रश्न क्वचित येतो, पण उत्तर द्यावंच लागतं. प्रस्तावनेत गावाची माहिती दीड पान देण्याऐवजी, तुमच्या गावामुळे कोणतं गृहीतक कोलमडतं ते पहिल्या परिच्छेदात लिहा. झडती, दवंडी, पोड हे शब्द तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. झडतीला नुसतं ‘लोकगीत’ म्हटलं की निम्मा अर्थ जातो. मराठी, हिंदी संदर्भ सजावटीसाठी टाकू नका, युक्तिवादात वापरा.

निष्कर्ष गावाला परत द्यायचे कसे?

छापील अहवाल सरपंचाच्या कपाटात जातो. ग्रामसभेत २० मिनिटं मागून घ्या, दाण्यांचे आकडे भिंतीवर काढून दाखवा, आणि ‘हे चूक वाटतं का?’ विचारा. वस्तीवर आणि पोडावर हेच वेगळं करा, कारण सभेत सगळे बोलत नाहीत. तिथे आलेल्या हरकती प्रबंधात वेगळ्या प्रकरणात, बोलणाऱ्याच्या शब्दांत छापा. त्यासाठी सादरीकरणाआधी किमान महिनाभर हाताशी ठेवा.